‘कोणी कोणी वाचलं?’ : चार वर्षं रेडकॅप वापरल्यावर

विद्यापीठातल्या आरोग्यविषयक संशोधन प्रकल्पांचा डेटा मी सांभाळते. प्रश्नावल्या तयार करायच्या, उत्तरं गोळा करायची, तपासायची आणि संशोधकांच्या हाती द्यायची, हे माझं रोजचं काम. गेली चार वर्षं ते मी रेडकॅप नावाच्या सॉफ्टवेअरवर करते आहे. त्याआधी सहा वर्षं एक्सेलवर करत होते. रेडकॅपबद्दल जे लिहिलेलं सापडतं त्यात फॉर्म किती पटकन बनतो, आलेख कसे निघतात, असंच बहुतेक असतं. माझी कसोटी निराळी आहे. ती मला एका मुलीने दिली.

आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. त्यात पीएचक्यू-९ ही प्रश्नावली होती. नैराश्याची लक्षणं मोजणारे नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७, आणि शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. संख्याशास्त्राच्या सरावासाठी त्यातली एक शीट मी एमएच्या चौदा विद्यार्थ्यांना मेल केली. संमतीपत्रात निनावी डेटा शिकवण्यासाठी वापरू असं लिहिलेलं होतं, म्हणून नावांचा कॉलम मी लपवला होता. पुसला नव्हता. एका मुलाला बी कॉलमनंतर एकदम डी दिसला. त्याने दोन्ही निवडून राइट क्लिक केलं आणि सी उघडला. सतराव्या ओळीत त्याच्याच वर्गातल्या मुलीचं नाव होतं आणि त्याच ओळीत नवव्या प्रश्नाचं उत्तर, २. म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस. त्याने लॅपटॉप मिटला आणि तडक माझ्या टेबलापाशी आला. त्या मुलाचे मी आजही उपकार मानते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, “मॅडम, कोणी कोणी वाचलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा जणांना मेल गेली होती. किती जणांनी फाइल उघडली, किती जणांनी तो कॉलम उघडला, कोणी पुढे पाठवली, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, आणि कळण्याचा मार्गही नव्हता. ती तीन महिने ग्रंथालयात आली नाही.

विद्यापीठाचं हेच आहे. आरोग्याचा डेटा चोरायला कोणीतरी दुरून येईल ही भीती खरी आहे, पण आमच्याकडे खरी अडचण जवळिकीची आहे. ज्यांची उत्तरं शीटमध्ये असतात ते जिन्यात भेटतात. ज्यांच्याकडे शीट असते ते त्यांचे वर्गमित्र, मार्गदर्शक, परीक्षक असतात. दवाखान्यातली नोंद वाचणारा माणूस रुग्णाला पुन्हा भेटेलच असं नाही. इथे तो सोमवारी सकाळी त्याच वर्गात असतो.

लपवलेल्या कॉलमने पोळलेली मी एकटी नाही हे पुढे कळलं. ऑगस्ट २०२३मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून स्प्रेडशीट दिली. त्यात एक लपलेली शीट राहून गेली होती आणि तीत ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्यासाठी ७,५०,००० पौंडांचा दंड केला. ती बातमी वाचताना मला माझी सतरावी ओळ दिसत होती.

आमच्याकडच्या त्या सतराव्या ओळीच्या प्रकारानंतर आमच्या एथिक्स कमिटीने एक्सेल बंद करून रेडकॅप सुरू करायला सांगितलं. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रेडकॅप हे संशोधनाचा डेटा गोळा करायचं वेब सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४मध्ये ते सुरू झालं. विद्यापीठं आणि ना-नफा संस्था व्हँडरबिल्टशी करार करतात आणि ते विनामूल्य वापरतात. ते संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं असतं, त्यामुळे उत्तरं तिसऱ्या कुठल्या कंपनीकडे जात नाहीत. मात्र त्याचीच दुसरी बाजू म्हणजे सर्व्हरचे अपडेट, बॅकअप आणि लॉगिनची सुरक्षा हे सगळं तुमच्या आयटी विभागावर. तो विभाग ढिला असेल तर रेडकॅप त्याहून घट्ट होणार नाही. एकट्यादुकट्या संशोधकाला ते डाउनलोड करून घेता येत नाही. संस्थेकडे नसेल तर संस्थेच्या मागे लागावं लागतं.

मला त्यात सगळ्यात आधी आवडलं ते यूजर राइट्सचं पान. प्रकल्पात प्रत्येक माणसाला काय दिसेल, काय बदलता येईल आणि काय बाहेर नेता येईल हे वेगवेगळं ठरवता येतं. बाहेर नेण्याच्या म्हणजे एक्सपोर्टच्या चार पायऱ्या आहेत: अजिबात नाही, ओळख पुसलेला डेटा, ओळखीची फील्ड वगळून उरलेला डेटा, आणि सगळाच्या सगळा. आमच्या प्रकल्पांत शेवटची पायरी एकाच व्यक्तीकडे असते. बाकी सगळ्यांना, मुख्य संशोधकांनासुद्धा, दुसरी. सुरुवातीला यावरून ज्येष्ठ प्राध्यापकांशी माझी खडाजंगी झाली. “प्रकल्प माझा आणि डेटा मला दिसत नाही?” सर म्हणाले. मी त्यांना विचारलं, “सर, नावाचं तुम्हाला काय काम आहे?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरं तर काहीच नाही.” तेव्हापासून नवीन माणूस आला की मी हाच प्रश्न विचारते. बहुतेकांना नावाचं काम नसतं. ते आजवर सवयीने मिळत आलेलं असतं, एवढंच.

याच पानाच्या जोडीला डेटा अ‍ॅक्सेस ग्रुप आहेत. तीन विभागांतले सहायक मुलाखती घेत असतील तर प्रत्येकाला आपल्या गटाच्याच नोंदी दिसतात. आम्ही याचा उलटा उपयोगही करतो. सहायक ज्या विभागात शिकतो त्या विभागाच्या मुलाखती त्याला द्यायच्याच नाहीत, त्याला दुसऱ्या गटात टाकायचं. अशी सोय हाती आल्यावर सुचणाऱ्या या गोष्टी आहेत. एक्सेलवर हा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता.

आता जिथे लोक हमखास फसतात ती जागा. रेडकॅपमध्ये प्रत्येक फील्ड बनवताना ‘आयडेंटिफायर आहे का?’ असा प्रश्न असतो आणि उत्तर आधीपासून ‘नाही’वर असतं. नाव, फोन, मेल, हजेरी क्रमांक या प्रत्येक फील्डला तुम्ही स्वतः ‘हो’ केलं पाहिजे. ते केलं नाही तर ओळखीची फील्ड वगळा म्हटल्यावर रेडकॅप काय वगळणार? त्याच्या लेखी ओळखीचं फील्ड एकही नसतं. पहिल्या वर्षी एका पीएचडी विद्यार्थिनीने मोठ्या विश्वासाने ओळख वगळलेली फाइल मला दाखवली, तर त्यात सगळे फोन नंबर होते. मदतीला ‘चेक फॉर आयडेंटिफायर्स’ नावाची सोय आहे. फील्डच्या नावांत आणि प्रश्नांत नाव, पत्ता, जन्मतारीख असे शब्द शोधून ती यादी देते. पण ती यादी इंग्रजी शब्दांवर चालते. फील्डचं नाव क्यू७ आणि प्रश्न ‘आपलं पूर्ण नाव लिहा’ असा मराठीत असेल तर तिला काही सापडत नाही. शब्दांची यादी अ‍ॅडमिनला वाढवता येते. आम्ही मराठी शब्द घालून घेतले. तरी प्रश्नावली सुरू करण्याआधी मी आणि आणखी एक जण, दोघं बसून, एकेक फील्ड वाचतोच.

तारखांचं मात्र रेडकॅपने फार छान केलं आहे. आरोग्याच्या डेटात तारखा लागतातच: औषध कधी सुरू झालं, समुपदेशनाला पहिल्यांदा कधी आली, परीक्षा कधी होती. आणि तारखेवरून माणूस चटकन सापडतो. रेडकॅपमध्ये एक्सपोर्ट करताना तारखा सरकवता येतात. प्रत्येक नोंदीच्या सगळ्या तारखा ० ते ३६४ दिवसांमधल्या कुठल्यातरी आकड्याने मागे जातात. एका माणसाच्या सगळ्या तारखा सारख्याच सरकतात, दुसऱ्याच्या वेगळ्या आकड्याने. त्यामुळे औषध सुरू झाल्यापासून किती दिवसांनी बरं वाटलं हे गणित जसंच्या तसं राहतं, पण ती तारीख कुठली हे कळत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका नोंदीतल्या पाच तारखा कागदावर मांडून वजाबाक्या करून पाहिल्या. सगळी अंतरं बरोबर आली. परीक्षेच्या आठवड्यासारखी ऋतूंशी बांधलेली गोष्ट शोधायची असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, तिथे आम्ही तारखेऐवजी ‘परीक्षेआधी किती आठवडे’ असं फील्ड ठेवतो.

तारखांची एवढी धास्ती कशाला, असं कोणाला वाटेल. लटान्या स्वीनी यांचं काम मी प्रत्येक नव्या सहायकाला सांगते. १९९७मध्ये त्या विद्यार्थिनी होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे २०००मध्ये त्यांनी दाखवलं की या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. विद्यापीठात तर मतदारयादीचीही गरज नाही. ‘पुरुष, वय ३१, भाषाशास्त्र, पीएचडीचं दुसरं वर्ष’ एवढं वाचलं की त्या विभागातला शिपाईसुद्धा नाव सांगेल.

आणि इथे रेडकॅप हात टेकतं. लिंग, वय, विभाग, वर्ष ही चार फील्ड एकेकटी निरुपद्रवी असतात, म्हणून त्यांना कोणी आयडेंटिफायर म्हणत नाही, आणि एकत्र आली की माणूस उभा करतात. हे जोड्या लावण्याचं काम सॉफ्टवेअर करत नाही, ते तुम्हीच करायचं. आम्ही एक्सपोर्टनंतर आधी हे चार कॉलम मोजतो. ज्या मिश्रणात पाचपेक्षा कमी जण असतील तिथे वयाचे गट मोठे करतो, विभाग एकत्र करून शाखा लिहितो. कंटाळवाणं काम आहे. मागच्या प्रकल्पात या मोजणीत अकरा जण एकटे उभे असलेले सापडले.

मोकळी जागा, म्हणजे ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ हा शेवटचा प्रश्न, ही दुसरी धोक्याची जागा. ओळख पुसताना रेडकॅप अशी मोकळी उत्तरं वगळायचा पर्याय देतं आणि तो वापरलाच पाहिजे. पण गुणात्मक संशोधन करणाऱ्यांना तीच उत्तरं हवी असतात. मग ती वाचून हाताने साफ करावी लागतात. गेल्या वर्षी अशी २१२ उत्तरं आम्ही दोघींनी तीन दुपारी बसून वाचली. एकीने आपल्या मार्गदर्शकाचं नाव लिहिलं होतं. एकाने रूममेटच्या आजाराबद्दल लिहिलं होतं, आणि त्या रूममेटने तर कसलीच संमती दिलेली नव्हती. तिसऱ्या माणसाची ही माहिती कुठलाही फॉर्म बनवताना कोणाच्या ध्यानात येत नाही. आता त्या प्रश्नाखाली आम्ही एक ओळ घालतो: ‘कृपया स्वतःचं किंवा इतर कोणाचं नाव लिहू नका.’ लोक ती पाळतात, हा माझा अनुभव.

नाव आणि कोड जोडणारी यादी आम्ही उत्तरांच्या प्रकल्पात ठेवतच नाही. तिच्यासाठी वेगळा प्रकल्प, वेगळी माणसं. उत्तरं पाहणाऱ्याला यादी दिसत नाही, यादी पाहणाऱ्याला उत्तरं दिसत नाहीत. आणि नावाच्या जागी कोड घातला म्हणजे डेटा निनावी झाला, हा समज तर मला दर महिन्याला खोडावा लागतो. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती नवव्या कलमात विशेष प्रकारची मानली आहे, आणि यादी ज्यांच्याकडे जिवंत आहे त्यांच्यासाठी कोड लावलेला डेटाही वैयक्तिकच धरला जातो. कायदा कुठलाही लागू असो, हे तर्काला धरूनच आहे. किल्ली घरात असताना कुलूप कोणासाठी?

फाइल पाठवायची असेल तर रेडकॅपमध्ये ‘सेंड-इट’ आहे. फाइल मेलला जोडून जात नाही. एका मेलने लिंक जाते, दुसऱ्या मेलने पासवर्ड, आणि ठरवलेल्या दिवसांनी लिंक मरते. जोडून पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण दोन्ही मेल एकाच इनबॉक्समध्ये पडतात, म्हणजे ज्याच्या हाती इनबॉक्स त्याच्या हाती फाइल. मी ते फक्त ओळख पुसलेल्या फाइलसाठी वापरते.

एपीआयची टोकन हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. ज्यांना माहीत आहे त्यांनी टोकन पासवर्डसारखी जपावी. आमच्या एका हुशार मुलाने ती आर भाषेतल्या स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवली होती आणि स्क्रिप्ट गिटहबवर टाकायच्या बेतात होता. त्याने आधी मला वाचायला दिली म्हणून वाचलो. टोकन तिथल्या तिथे रद्द करून नवीन काढली.

आता लॉगबद्दल, कारण माझ्यासाठी हे परीक्षण तिथेच ठरतं. रेडकॅपमध्ये नोंद कोणी तयार केली, कोणी काय बदललं, आधी काय होतं, कोणी कधी एक्सपोर्ट केलं आणि त्यात कुठली फील्ड होती, हे तारीख-वेळेसकट लिहिलं जातं. कोणी कुठलं पान उघडलं तेही वेगळं निवडून पाहता येतं. कोणाही वापरकर्त्याला त्यातली ओळ खोडता येत नाही, मलाही नाही. दर शुक्रवारी दुपारी मी लॉग उघडून आठवड्याचे एक्सपोर्ट पाहते. बहुतेक वेळा काही नसतं. दोनदा सापडलं: एकदा प्रकल्प सोडून गेलेल्या सहायकाचं लॉगिन तसंच चालू होतं, एकदा एकाच रात्री एकाच माणसाने सहा वेळा सगळ्या नोंदी काढल्या होत्या. दुसऱ्याचं कारण साधं निघालं, त्याची फाइल दर वेळी खराब होत होती. पण विचारता आलं, आणि विचारल्यावर त्याने पाच फाइली माझ्यासमोर पुसल्या.

लॉगची एक मेख सांगायलाच हवी. सहभागी म्हणाला, मला अभ्यासातून बाहेर पडायचं आहे, माझं सगळं पुसा, तर नोंद पुसूनही तिच्यात भरलेली उत्तरं लॉगमध्ये राहतात. नोंदीबरोबर लॉगमधली तिची उत्तरंही पुसायचा पर्याय रेडकॅपमध्ये आहे, पण तो आधी चालू करून घ्यावा लागतो. आम्ही तो अ‍ॅडमिनकडून चालू करून घेतला आणि संमतीपत्रातही तसं लिहिलं. ज्यांचे प्रकल्प आत्ता चालू आहेत त्यांनी आपल्याकडे तो चालू आहे का हे आजच विचारून घ्या. बाहेर पडणारा माणूस कधी येईल सांगता येत नाही.

आणि लॉगची हद्द डाउनलोडपाशी संपते. सीएसव्ही फाइल एकदा लॅपटॉपवर उतरली की पुढे तिचं काय झालं हे रेडकॅपला दिसत नाही. म्हणून आमचा नियम आहे: उतरवलेली फाइल व्हेराक्रिप्टच्या, म्हणजे पासवर्डने कूटबद्ध केलेल्या, कंटेनरमध्येच ठेवायची, काम संपलं की पुसायची, पुसल्याची तारीख वहीत लिहायची. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड हरवला तर कोणीही ती फाइल परत देऊ शकत नाही, म्हणून मूळ डेटा सर्व्हरवर आणि कंटेनरमध्ये फक्त प्रत. ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये असते. रेडकॅपची उणीव मी त्या वहीने भरून काढते, आणि ती वही नसती तर या सॉफ्टवेअरला मी आज देते आहे त्याच्या निम्मे गुण दिले असते.

ज्यांच्या विद्यापीठात रेडकॅप मिळतच नाही त्यांनी ओडीके हे फोनवर उत्तरं गोळा करायचं सॉफ्टवेअर पाहावं. त्यात उत्तरं फोनवरच कूटबद्ध होतात आणि खाजगी किल्ली ज्याच्याकडे असेल त्यालाच उघडतात, अशी सोय आहे. मी ते एकाच लहान प्रकल्पासाठी वापरलं, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

या सत्रात समुपदेशनाच्या अभ्यासातली एक मुलगी माझ्याकडे आली. तिची मैत्रीण आमच्याकडे सहायक म्हणून लागली होती आणि त्या काळजीने हिला झोप येईनाशी झाली होती. “ताई, तिने माझं वाचलं असेल का?” तिने विचारलं. मी तिचा कोड घेतला, यादीच्या प्रकल्पातल्या सहकारी बाईंना बोलावून नोंद निश्चित केली, आणि लॉगमध्ये ती नोंद निवडली. मग आठवड्यांचे एक्सपोर्ट पाहिले. मैत्रीण दुसऱ्या गटात होती, तिला ती नोंद दिसतच नव्हती. नोंद दोघांनी उघडली होती: मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आणि मी. एक्सपोर्ट एकच होता, ओळख पुसलेला, तारखा सरकवलेला. वहीत त्या फाइलपुढे पुसल्याची तारीख होती. मी हे सगळं तिला सांगितलं, एका कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली.

तिने कागद दोनदा वाचला, “दोघंच?” असं विचारलं, आणि घडी करून बॅगेत ठेवला.